आक्काचं विमान धावपट्टीवर उभं आहे

आक्का, तुझं विमान उडालं नाही. एवढं आधी सांगून टाकतो. तुला गोष्ट ऐकतानासुद्धा शेवट आधी कळायला हवा असायचा, आणि मी मुद्दाम लांबवायचो. आता लांबवून कुणाला छळू?

तू गेलीस त्याला महिना उलटून गेला. तेरावा झाला, पाहुणे पांगले, आणि दुसऱ्याच दिवशी मी दुकान उघडलं. घरच्यांना ते आवडलं नाही. पण घरात एका कोपऱ्यात तू निपाणीहून आणलेली पत्र्याची पेटी होती आणि दुसऱ्या कोपऱ्यात मी आणलेला नवा संगणक, खोक्यातला, न उघडलेला. त्या दोघांच्या मध्ये बसून मला जेवण जात नव्हतं. दुकानात निदान साड्या होत्या आणि भांडायला गिऱ्हाईक होतं.

लोकांच्या बहिणी निवृत्त झाल्यावर भजनाला जातात. तू विमान चालवायला बसलीस. खरं नव्हे, संगणकातलं. नोकरीत असतानाच लागलेलं वेड, पुढं वाढतच गेलं. निपाणीत तंबाखूच्या वखारीमागं तुझ्या दोन खोल्या, त्यातल्या आतल्या खोलीत तो जुनापुराणा संगणक. दुपारी चारला चहा झाला की खांद्यावर शाल घेऊन तू त्याच्यासमोर बसायचीस. पडद्यावर खाली विमानातली ती सगळी घड्याळं, वर काच, काचेपलीकडं आभाळ. आपल्या बेळगावच्या सांबरा विमानतळावरून उडायचं आणि कधी गोव्याला, कधी हुबळीला उतरायचं. साठी उलटलेली बाई, गणिताची निवृत्त शिक्षिका, आयुष्यात खऱ्या विमानात पाय ठेवलेला नाही, आणि मला फोनवर वाऱ्याची दिशा सांगायची.

फोन केला की तुझं ठरलेलं असायचं. "थांब रं सुऱ्या, उतरते आणि बोलते." मग तू फोन तसाच मेजावर ठेवायचीस आणि मी खडेबाजारच्या गर्दीत कानाला फोन लावून तुझ्या इंजिनाचा आवाज ऐकत उभा राहायचो. एकदा माझं डोकं फिरलं. शहापूरचा एक विणकर ऐनवेळी माल द्यायला नाही म्हणत होता, तुझा सल्ला हवा होता, आणि तू उतरत होतीस. खोट्या विमानासाठी खरा भाऊ ताटकळत ठेवतीस काय, असं मी ओरडलो. तू शांतपणे म्हणालीस, "खरा भाऊ कुठं जातोय? ह्याचं तेल संपालंय."

ते मला तेव्हा लागलं होतं. आता मला तो आवाज परत ऐकायचा आहे आणि त्यासाठीच हा सगळा खटाटोप केला, असं मी लोकांना सांगतो. ते अर्धंच खरं आहे.

खरं भांडण आपलं दुसरंच होतं. आपल्या दोघांना सोडून त्याची कुणाला पर्वा नव्हती, आणि आपण ते चाळीस वर्षं जपलं. आप्पांच्या छातीचं दुखणं वाढलं आणि वडगावच्या घरातला माग थांबायची वेळ आली. तू कॉलेजात नुकती गेली होतीस, मी आठवीत होतो. दोघांपैकी एकानं मागावर बसायला हवं होतं. मी बसलो. तू बी.एस्सी. झालीस, बी.एड. झालीस, निपाणीच्या कन्नड शाळेत गणित शिकवायला लागलीस, बाई झालीस. मी सायकलवर साड्यांचे गठ्ठे बांधून चिकोडी-निपाणीचे बाजार केले, शिव्या खाल्ल्या, शिव्या दिल्या, आणि दुकान उभं केलं. माझं म्हणणं एवढंच होतं की, मी शाळा सोडली म्हणून तू शिकलीस, हे एकदा तुझ्या तोंडून यावं. एकदाच. चार माणसांत नको, स्वयंपाकघरात चालेल.

तू ते कधी म्हणाली नाहीस. तुझं म्हणणं असायचं, "तुला शाळा नकोच हुती. दप्तर मागाच्या खड्ड्यात टाकून हसालतास, मी बघिटलंय." आणि मग विषय बदलायचीस. मी उठून जायचो. मी उठून जाणारा माणूस आहे, हे सगळ्या बाजाराला ठाऊक आहे. भाव पटला नाही की उठायचं, चपला घालायच्या, पायरी उतरायची. मागून हाक येते. दुकान मी याच एका विद्येवर उभं केलं. तुझ्या घरातून मात्र किती वेळा उठलो, मागून हाक कधी आली नाही. मी रागानं बसस्टँडपर्यंत जायचो आणि बेळगावची बस पकडायचो. दुसऱ्या दिवशी तूच फोन करायचीस, काही झालंच नाही अशा आवाजात.

तू निवृत्त झालीस तेव्हा मी तुला बेंगळूरला विमानानं नेतो म्हणालो. तिकिटं काढूनच आलो होतो. पंगतीत सगळ्यांसमोर ती पानाशेजारी ठेवली आणि म्हणालो, शाळेनं नारळ दिला, भावानं विमान दिलं. तू तिकिटांकडं बघितलंसही नाहीस. "मी रोज जाते की," म्हणालीस आणि वाढपणीकडं आमटी मागितलीस. पंगत हसली. मला आजही त्या हसण्याचा राग आहे, आणि ती वाक्यं मी पंगतीत बोललो नसतो तर तू आली असतीस, हेही मला कळतं. दोन्ही एकाच वेळी डोक्यात राहतं.

आणखी एक भांडण आकड्यांचं. कन्नड शाळेत इतकी वर्षं काढून तुझ्या हाताला कन्नड आकड्यांचं वळण लागलं होतं. दुधाचा हिशेब, फोन नंबर, औषधाच्या वेळा, सगळं कन्नड आकड्यांत. मला भयंकर राग यायचा. मी कन्नड बोलतो. माझी निम्मी गिऱ्हाइकं कन्नड आहेत आणि त्यांच्याशी घासाघीस मी कन्नडमध्येच करतो. पण वाचायचं नाही, लिहायचं नाही, हे माझं ठरलेलं होतं. इथल्या सीमाभागात माझ्या वयाच्या माणसाला त्याचं कारण सांगावं लागत नाही. तू म्हणायचीस, "दहा आकडे हायत रं. एका दुपारचं काम." मी म्हणायचो, माझ्या दुकानात तुझे आकडे येणार न्हाईत. तू मराठी आईबापाची पोर कन्नड शाळेत कशाला गेलीस, इथपर्यंत ते जायचं. त्यावर तुझं उत्तर ठरलेलं. "त्रिकोण तिकडं बी तीनच बाजूंचा असतोय."

उन्हाळा संपता संपता डॉक्टरांनी तुझ्या हृदयाचं ऑपरेशन सांगितलं आणि तोवर विश्रांतीसाठी तू माझ्याकडं वडगावला आलीस. दोन पातळं आणि औषधं एवढंच सामान असेल असं वाटलं होतं. टेम्पोतून उतरला तो चादरीत गुंडाळलेला संगणक आणि ती पत्र्याची पेटी. पेटीत प्रोग्रॅमच्या सीड्या आणि गणिताची चौकटीची वही. आल्या दिवशीच तू तो संगणक जोडायला लावलास. बटण दाबलं, आत फट् आवाज झाला आणि जळका वास आला. संपलं. तू त्याच्याकडं बघत राहिलीस तसं मी तुला आई गेली तेव्हाही बघितलं नव्हतं.

अनगोळचा बसू, जो माझ्या दुकानाचा संगणक बघतो, तो येऊन उघडून गेला. म्हणाला, मशीन गेली, पण आतली डिस्क चांगली आहे, तुमची सगळी उड्डाणं त्यात आहेत. नवा संगणक घ्या, प्रोग्रॅम पुन्हा घालू. त्याच संध्याकाळी तू मला जवळ बसवलंस. ते बोलणं मी शब्दाला शब्द सांगू शकतो, कारण तेव्हापासून दुसरं काही डोक्यात नाही.

"सुऱ्या, तुझ्या नावाचं एक उड्डाण करून ठेवलंय. विमान सांबऱ्यात धावपट्टीवर उभं हाय, इंजिन चालू करून. उजव्या सीटवर तू बसायचं. निपाणीवर जाऊन फिरून यायचं. जाताना तू बोल, शाळेचं काय ते सगळं. येताना मी बोलते. मधनं कुणी उठून जायचं न्हाई."

मी म्हणालो, खुर्चीवर तर बसायचंय, उठलो तर?

"विमानातनं उठून कुठं जाशील?" तू म्हणालीस आणि हसलीस, आणि हसताना तुला दम लागला.

मी संगणक बघायला गेलो. दुकानदारानं भाव सांगितला, मी त्यावर कीबोर्ड मागितला, मेज मागितलं, दोन वर्षांत बिघाड झाला तर घरी येऊन बघायचं असं लिहून मागितलं. तो नाही म्हणाला. मी उठलो, चपला घातल्या, पायरी उतरलो. रोज संध्याकाळी तू विचारायचीस, आला का रं. मी सांगायचो, येतोय, अजून पिकू दे त्याला. तू एकदा वैतागून म्हणालीस, "तो दुकानदार हाय, आंबा न्हाय." नवव्या दिवशी सौदा झाला. मेजासकट. रिक्षात खोकं घालून घरी आलो तर दाराला कुलूप. सकाळीच तुला दवाखान्यात हलवलं होतं आणि मला फोन लागला नव्हता, कारण मी भाव करताना फोन बंद ठेवतो.

त्यानंतर चार दिवस. काचेतून बघायचं. बोलणं नाही.

निपाणीत तुझ्या शाळेनं शोकसभा घेतली. तुझ्या सहकाऱ्यांनी भाषणं केली. किती कष्टानं शिकल्या, घरची गरिबी, विणकराची मुलगी, स्वतःच्या हिमतीवर. सगळं कन्नडमध्ये होतं आणि मला शब्द न् शब्द कळत होता. स्वतःच्या हिमतीवर! माग कुणी चालवला, हे एकानंही विचारलं नाही. मी पुढच्या रांगेत बसलो होतो आणि माझ्या हातात हार होता. त्यांना दोष कसा देऊ, त्यांना तूच कधी सांगितलं नसशील. तिथून येताना बसमध्येच ठरवलं की ते विमान मी चालू करणार. तू नसलीस तरी उजव्या सीटवर बसणार आणि जाताना जे बोलायचं ते बोलणार.

बसू म्हणाला रविवारी येतो. मला रविवारपर्यंत थांबवेना. खोकं मीच उघडलं. तुझ्या सीड्या एकेक करून घातल्या. नव्या संगणकाला जुना प्रोग्रॅम ओळखीचाच वाटेना, तीनदा अर्ध्यावर थांबला, चौथ्यांदा बसला. पण त्यात तुझं विमान नव्हतं. तुझं दोन पंख्यांचं लहान विमान तू नंतर वेगळं विकत घेतलं होतंस, परदेशातल्या कुठल्या छोट्या कंपनीचं. त्याची सीडी घातली, तर पडद्यावर चौकट आली. तुमचा ईमेल आणि सिरीयल नंबर द्या. इंटरनेटवरून तपासून मगच विमान उघडणार.

पेटीतली तुझी वही काढली, नंबर त्यात होता. प्रत्येक चौकटीत एक खूण, सुबक. अक्षरं इंग्रजी, आकडे कन्नड. मी तिथंच थोडा हसलो, म्हटलं मेल्यावरही सोडत नाहीस. दोन आणि तीन आपल्या आकड्यांच्या जवळचे, ते ओळखले. चार-पाच बसच्या पाट्यांवर रोज बघतो. दोन ठिकाणी गोल होता. गोल म्हणजे शून्य. टाकलं. चूक. मग वाटलं शून्य नसेल, इंग्रजी ओ असेल. दोन्हीकडं ओ टाकलं. चूक. मग पहिलं शून्य दुसरं ओ. मग उलटं. तू असतीस तर म्हणाली असतीस, दोन जागा, दोन खुणा, चारच शक्यता, चारही संपल्या, म्हणजे गृहीतच चुकलंय, थांब. मी थांबलो नाही. तेच आकडे पाचव्यांदा, जरा जोरात बटणं दाबून. पडद्यावर आलं की पाच चुका झाल्या, या नावाचं खातं बंद करण्यात आलं आहे, कंपनीशी संपर्क करा.

रविवारी बसू आला. मी वही त्याच्यापुढं केली. त्यानं चष्मा कपाळावरून खाली घेतला, बोट ठेवलं आणि त्याच्याच भाषेत बोलला, कारण गडबडला की तो मराठी विसरतो.

"मालक, इदु सोन्ने अल्ल री. ओंदु."

हे शून्य नव्हे, एक आहे. कन्नडमधला एक गोलच असतो, खालून जोडायचा राहिलेला. मग मी नीट बघितलं. दोन्ही गोल खालून उघडे होते. घाईत लिहिलेले नव्हते, चांगले ठळक होते. तीस-चाळीस वर्षं तुझ्या दुधाच्या वहीत, कॅलेंडरवर, औषधाच्या पाकिटावर मी हा एक बघत होतो आणि तो बघायचा नाही असं ठरवून बसलो होतो.

बसूनं नंबर बरोबर टाकून बघितला, त्याच्या स्वतःच्या संगणकावरसुद्धा. तेच उत्तर. खातं बंद. मग मी पत्र लिहायला बसलो. माझा मुलगा इंग्रजीत लिहून देत होता आणि मी सांगत होतो. आधी विनंती, मग थोडा दम, मग पुन्हा विनंती, जसं मी करतो. बहीण वारली आहे हेही लिहिलं, जे मी एरवी कुणाला भावात सवलत मिळावी म्हणून लिहिलं नसतं. पत्र तसंच परत आलं. बसूनं शोधून सांगितलं की ती कंपनी बंद होऊन बरीच वर्षं झाली. नंबर तपासणारं यंत्र कुठंतरी अजून चालू आहे, त्याच्यामागं माणूस नाही. मी विचारलं, यंत्र कुणाच्या तरी जागेत असेल ना, भाडं कुणीतरी भरत असेल ना, त्या माणसाला गाठू. बसूनं वही मिटून माझ्या हातात दिली. सगळं आयुष्य मी समोरच्या माणसाचा चेहरा बघून भाव केला. इथं समोर कोण आहे? कुणाच्या दुकानातून उठून जाऊ?

सांबऱ्याचा विमानतळ तेवढा बसला. तो फुकटातला होता, कुण्या हौशी माणसानं केलेला, त्याला नंबर लागत नव्हता. बसूनं तुझ्या जुन्या संगणकातली डिस्क जोडली आणि तो उघडून दाखवला. लांबच लांब धावपट्टी, दोन्हीकडं कोरडं गवत, आणि त्यावर काहीही नाही. बाजूच्या यादीत तुझी उड्डाणं ओळीनं दिसतात. सगळ्यात वर इंग्रजीत माझं नाव. त्यावर टिचकी मारली की पाटी येते, हे विमान या संगणकावर नाही. बसू म्हणाला, दुसरं विमान लावून उडवू की मालक, आभाळ तेच हाय. मी नको म्हणालो.

तर जाताना मी बोलायचं होतं. इथंच बोलतो, आक्का.

आठवीत मी नापास झालो होतो. गणितात आणि कन्नडमध्येही. गुरुजींनी निकाल हातात दिला तो मी घरी दाखवला नाही, फाडून गटारात टाकला. त्याच आठवड्यात आप्पांनी दोघांना समोर बसवलं आणि मी म्हणालो, मी बसतो मागावर. आईनं मला जवळ घेतलं. तू रडलीस. तुझं रडणं बघून मला जे वाटलं ते मी पुढं चाळीस वर्षं खर्च केलं. तू दप्तराचं म्हणायचीस ते खरं होतं, मी हसतच टाकलं होतं. पण नापास झालेली पोरं दुसऱ्या वर्षी पुन्हा वर्गात बसतात. मी बसलो नाही. मी मागावर बसलो. तेवढं माझं खरं आहे आणि ते मी तुलाही सोडणार नाही.

आणि येताना तू जे बोलणार होतीस ते कदाचित मला माहीत आहे. माझा शाळा सोडल्याचा दाखला आणायला आप्पांनी तुला पाठवलं होतं. दाखल्यावर पास-नापास सगळं लिहिलेलं असतं. तू तो वाचला होतास का, आणि वाचून इतकी वर्षं माझं ऐकून घेत होतीस का, एवढंच मला विचारायचं होतं. विचारायची भीतीही वाटत होती. लोकांना मी सांगतो की संगणकाचा सौदा नऊ दिवस अडला. दुकानदारानं तिसऱ्या दिवशीच फोन केला होता, मेज देतो म्हणून. मी आणखी सहा दिवस गेलो नाही.